फडावरचा गळा आणि स्वरतंतूंची निगा

दसऱ्याला बाहेर पडलेला तमाशाचा फड बुद्धपौर्णिमेपर्यंत जत्रा करीत फिरतो आणि गण-गौळणीपासून वगापर्यंतचा भार शाहीर, झीलकरी व गौळणी गाणाऱ्या स्त्रिया रात्रीच्या थंड, धुळकट हवेत गळ्यावर पेलतात. स्वरयंत्रातील ज्या दोन स्नायुमय पट्ट्यांच्या कंपनातून आवाज निघतो त्यांना स्वरतंतू म्हणतात. बोलताना पुरुषांत त्या सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा, स्त्रियांत सुमारे 200 वेळा आणि उंच पट्टीत याच्या दुपटीहून अधिक वेळा एकमेकींवर आदळतात. हा आघात पट्ट्यांच्या मध्याजवळ एकाच जागी होत राहिल्याने तेथे आधी सूज येते, आणि सुजलेल्या आवाजानेच खेळ रेटला तर दोन्ही बाजूंना समोरासमोर लहान गाठी धरतात. त्या कर्करोगाच्या नसतात व आवाजाच्या उपचारांनी पुष्कळदा विरतात.

आवाज बसला की खडीसाखर व ज्येष्ठमध तोंडात धरण्याची रीत जुनी आहे आणि त्याने घसा निवतोही; परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत उतरतो, स्वरतंतूंना शिवतही नाही, त्यामुळे सूज तशीच राहून कलावंत बरे वाटते म्हणून पुन्हा उंच पट्टी लावतो, आणि खरा धोका येथेच आहे. वाफ मात्र थेट तेथवर पोहोचते. प्यायलेल्या पाण्याचा ओलावा रक्तावाटे पोहोचत असल्याने ते दिवसभर थोडेथोडे प्यावे, पडदा उघडताना घटाघटा पिऊन भागत नाही. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा, आणि कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, कारण त्यातही स्वरयंत्र ताणले जाते.

खेळानंतर पहाटे तिखट रस्सा जेवून लगेच राहुटीत आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर चढून स्वरयंत्र जाळते. तंबाखू व मद्य त्यात भरच घालतात. वाद्यांच्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू न आल्यास गायक नकळत ओरडतो, म्हणून कलावंताकडे तोंड केलेला एक ध्वनिक्षेपक ठेवणे हे फडमालकाचे कर्तव्यच मानावयास हवे.

गाता गाता आवाज एकाएकी फुटला तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी सुपारी कितीही मोठी असली तरी गाणे तत्काळ थांबवावे आणि रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, तंबाखू खाणाऱ्याने तर त्याआधीच, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. ही तपासणी बहुधा भूल न देता काही मिनिटांत होते.