मोटारीचा पुढील दिवा : उघडणी, फेरफार व पुन्हा सांधणी

बेळगावहून खानापूरमार्गे नंदगडला येणारा रस्ता वाहनाच्या दिव्यांची चांगलीच परीक्षा पाहतो. खानापूर तालुका घाटमाथ्याला लागून असल्याने पावसाळ्यात येथे धुवांधार पाऊस पडतो, थंडीत पहाटे धुके उतरते आणि उसाच्या हंगामात अंधार पडल्यावरही ट्रॉल्यांची वर्दळ चालू असते. त्यांपैकी कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे फाशी देण्यात आली. त्यांच्या समाधीच्या दर्शनास येणारी मंडळी दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेने पायी परततात. अशा वाटेवर मोटारमालकास आपला दिवा अधिक प्रखर असावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. पुढील दिवे उघडून आतील भाग बदलण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याचे मूळ बव्हंशी या इच्छेत आहे. काही अंशी हौसेतही आहे.

पूर्वी हे काम सोपे होते. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या मोटारींचा दिवा गोल, सात इंची आणि खऱ्या काचेचा असे. प्रकाशाला आकार देण्याचे काम त्या काचेवरील उभ्या-आडव्या रेघा करीत. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा रंगविला जाई, हे जुन्या मंडळींना स्मरत असेल. आजच्या बहुतेक मोटारींत दिव्याची काच नावापुरती काच असून वस्तुतः ती पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची असते. ती सपाट व स्वच्छ असते आणि प्रकाशाला वळण देण्याचे काम आतील रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर करतो. म्हणूनच आतील भागास हात लावणे म्हणजे प्रकाशाची दिशाच बदलणे होय.

दिवा उघडण्याची सबळ कारणे अर्थातच असतात. आत पाणी साचणे, धूळ शिरणे, समायोजनाचा स्क्रू तुटणे ही त्यांपैकी प्रमुख होत. मात्र पावसात काचेच्या आतून विरळ बाष्प धरले, तर घाबरण्याचे कारण नाही. दिव्यास मागील बाजूने श्वसनछिद्रे असतात व दिवा काही वेळ पेटता ठेवल्यावर असे बाष्प निघून जाते. तळाशी पाणी हलताना दिसू लागले, तरच सांधा फुटला असे समजावे. काच बाहेरून पिवळी पडली असल्यास दिवा उघडण्याची मुळीच गरज नसते. तो दोष उन्हाने झिजलेल्या बाह्य लेपाचा होय. नुसती घासून चकाकी आणल्यास व नवा संरक्षक लेप न दिल्यास पिवळेपणा लवकरच परततो.

काच व मागील कवच यांचा सांधा पुष्कळ दिव्यांत ब्युटिल नावाच्या काळ्या, चिकट रबरी द्रव्याचा असतो. हे द्रव्य उष्णतेने मऊ होते. कुशल मिस्त्री प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून दिवा मोटारीपासून अलग करतो, बल्ब, रबरी टोप्या व स्क्रू काढतो आणि मग गरम हवेच्या यंत्राने किंवा नियंत्रित भट्टीत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास सांधा तापवून कडेकडेने, सावकाश उकलतो. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंशांस मऊ पडू लागते. त्यामुळे उष्णतेची चूक होण्यास वाव थोडा असतो. बेकरीच्या भट्टीत दिवा ठेवण्याचे प्रयोग कोणी करू नयेत. तेथे तापमान आवरता येत नाही व वेडीवाकडी झालेली काच पुन्हा सरळ होत नाही. काही दिवे ब्युटिलऐवजी कायमच्या चिकटद्रव्याने जोडलेले अथवा थेट वितळवून सांधलेले असतात. ते उष्णतेने सुटत नाहीत, जोर केला तर फुटतात.

उघडलेल्या दिव्यात रिफ्लेक्टरला बोट लावू नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा थर अत्यंत पातळ असून फडक्यानेही निघतो. हॅलोजन बल्बच्या काचेलाही हात लागू देऊ नये. बोटांचे तेल लागलेली जागा अधिक तापते व बल्ब अल्पायुषी होतो. अनेक मोटारींतील एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याऐवजी १००/९० वॅटचा बसविल्यास प्रकाश वाढतो हे खरे. परंतु मूळ वायरिंग, होल्डर व प्लास्टिक त्या तापासाठी बनविलेले नसते. हॅलोजनसाठी घडविलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याची पद्धतही अशीच फसवी आहे. त्याच्या प्रकाशाचा उगम तारेच्या नेमक्या जागी व आकारात नसल्यास किरण विखुरतात आणि चालकास जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसला, तरी दूरचा भाग पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसेलच असे नाही.

खरा प्रश्न समोरून येणाऱ्याचा आहे, आणि तो साध्या गणिताने समजतो. शिक्षकांनी वर्गात मांडावे असे हे उदाहरण आहे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असून डिपरचा प्रकाश शेकडा एक या प्रमाणात खाली झुकलेला असेल, तर त्याची वरची कड ६५ मीटरवर जमिनीस टेकते. आत नवा प्रोजेक्टर बसविताना १० सेंटिमीटर लांबीच्या बैठकीत केवळ दोन मिलिमीटरचा तिरपेपणा राहिला, तर दिशा शेकडा दोनने बदलते. ती वरच्या अंगास बदलल्यास तीच कड ५० मीटरवर ११५ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे समोरच्या मोटारचालकाच्या डोळ्यांच्या आसपास पोहोचते. दिपलेला डोळा सावरण्यास काही सेकंद लागतात, उतारवयात अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढ्या अंतरात बैलगाडी असू शकते, शाळेतून उशिरा परतणारे मूलही असू शकते.

परदेशी बनावटीचे स्वस्त प्रोजेक्टर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरच्या प्रकाशाची कड डाव्या बाजूस वर चढलेली असते. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठीच्या दिव्यात ती उजवीकडे चढते. असा दिवा येथे बसविल्यास तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०५ अन्वये दिव्यांनी १५५ मीटरपर्यंतची माणसे व वाहने स्पष्ट दाखविणे आवश्यक आहे, तर नियम १०६ अन्वये दिव्यापुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर व दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस दिपवणारा झोत निषिद्ध आहे. दोन्ही नियम एकत्रच वाचावयाचे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अननुज्ञेय फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आतील दोष दूर करून मूळचाच भाग परत बसविणे ही दुरुस्ती होय. प्रकाशाचा उगम वा प्रोजेक्टर बदलणे हा फेरफार होय.

सांधा पुन्हा बंद करताना खाचेतील जुने ब्युटिल काढून टाकावे, खाच कोरडी करावी व नव्या ब्युटिलची दोरी अखंड, कोठेही खंड न पाडता बसवावी. आंबट वास येणारे साधे सिलिकॉन वापरू नये. ते सुकताना निघणारी आम्लाची वाफ रिफ्लेक्टरचा थर काळवंडते. सांधा किंचित तापवून काच दाबून बसवावी, मूळ क्लिपा व स्क्रू लावावेत आणि थंड होईपर्यंत दिवा हलवू नये. श्वसनछिद्रे बुजविण्याचा मोह आवरावा. मोटारीस जोडण्यापूर्वी, रबरी टोप्या लावून व दिवा बंद ठेवून, काचेच्या सांध्यावर पाणी ओतून पाहावे आणि आत थेंब दिसल्यास सांधा तेव्हाच पुन्हा उघडावा.

अखेरची तपासणी भिंतीवर होते. सपाट जागी, नेहमीच्या वजनासह व योग्य हवा भरलेल्या टायरांवर मोटार भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर आखून डिपर लावावा. प्रकाशाची आडवी कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. दिव्यावर निर्मात्याने वेगळे प्रमाण छापलेले असल्यास तेच धरावे. कड वर आली, तर समायोजनाच्या स्क्रूने ती खाली आणावी. स्क्रू फिरवूनही ती येत नसेल, तर आतील भाग तिरपा बसला आहे असे समजून दिवा मिस्त्रीकडे परत न्यावा आणि तोवर रात्री गाडी बाहेर काढू नये.