सूर आणि सूचना : मिडी मुद्रणाचा एक पाठ

१९८३ साली प्रचारात आलेली मिडी पद्धत आवाज साठवीत नाही. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली, एवढ्या सूचनाच साठविते. हा जोर १ ते १२७ अंकांत मोजतात. संगणकास कीबोर्ड जोडावा, सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक उघडून वाद्य निवडावे, ट्रॅक मुद्रणासाठी सज्ज करून मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवावे. चुकलेला सूर मागाहून दुरुस्त होतो. वाद्यही बदलता येते.

परंतु आपल्या पालघर जिल्ह्यातील वारली बांधवांचा तारपा अशा सूचनांत मावत नाही. भोपळा व बांबूच्या त्या वाद्यात वादकाचा श्वासच सूर घडवितो. म्हणून तो मायक्रोफोनने, ऑडिओ ट्रॅकवरच मुद्रित करावा. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांचा आवाज तरी त्यांचाच राहावा.