मोबाईल व गांवकरी : कोळी आणि ऊसकरी यांच्या अनुभवावरून एक पाठ

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस समुद्रकांठीं उत्तन, पाली व चौक हीं कोळ्यांचीं गांवें आहेत. इ. स. २००२ सालीं या भागास महानगरपालिका मिळाली आणि रेल्वेच्या बाजूस उंच इमारतींची दाटी झाली. तरी या गांवांत अद्याप होड्या दर्यांत जातात, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले जातात, आणि बायका टोपल्या घेऊन बाजारास जातात. येथील तांडेलाच्या खिशांतही आतां मोबाईल असतो. त्याचा त्यास नेमका काय उपयोग, आणि तुमच्या आमच्या गांवास काय उपयोग, हा या पाठाचा विषय आहे. यंत्राची नुसती स्तुति करणारे लेख पुष्कळ निघतात. आपण, वाचकहो, कोठें काम झालें व कोठें झालें नाहीं, हें दोन्ही पाहूं.

हैदराबाद येथें भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था इ. स. १९९९ पासून आहे. आकाशांत फिरणारे उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता आणि पाण्याचा रंग मोजतात. जेथें उष्ण व थंड पाणी एकमेकांस भिडतें, तेथें खालचें पोषक द्रव्य वर येतें, त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति वाढतात, आणि त्या खाण्याकरितां लहान मासे व लहानांच्या मागें मोठे मासे जमतात. वनस्पतींच्या हिरवेपणावरून ही जागा ताडितां येते. मग अमुक बंदरापासून अमुक दिशेस, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर मासे मिळण्याचा संभव आहे, असा संदेश मराठीसह किनाऱ्यावरील भाषांतून कोळ्यांस पाठविला जातो. आकाश ढगाळ असलें तर उपग्रहास पाणी दिसत नाहीं, आणि संदेशही निघत नाहीं. ज्यास तो मिळतो, त्याचें शोधाशोधींत जाणारें डिझेल वांचतें.

पण येथेंच एक गोष्ट लक्षांत घ्यावी. बोंबील धरणारा कोळी डोल जाळें लावितो. तें जाळें समुद्रांत खुंट्यांस बांधून एका ठिकाणीं रोविलेलें असतें, व भरतीओहोटीच्या ओढीनें मासे त्यांत शिरतात. अशा मनुष्यास अमुक ठिकाणीं थवा आहे असें सांगून काय उपयोग? त्याचें जाळें त्या ठिकाणीं धांवत जाऊं शकत नाहीं. थव्यामागें जाणाऱ्या होडीस ती माहिती सोन्यासारखी, आणि डोलकरास बहुतेक निरुपयोगी. डोलकरास वारा कधीं सुटणार हें कळलें पाहिजे. एकाच गांवांत, एकाच धंद्यांत, शेजारच्या दोन घरांस लागणारी माहिती निराळी असते. ही गोष्ट वरून योजना आंखणाऱ्यांच्या ध्यानांत फार क्वचित् येते.

वाऱ्याची गोष्ट तर प्राणांची आहे. इ. स. २००९ च्या नोव्हेंबर महिन्यांत फयान नांवाचें वादळ कोंकणकिनाऱ्यावर आलें, तेव्हां अनेक होड्या समुद्रांत होत्या. इ. स. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळांत केरळ व तामिळनाडू येथील कित्येक कोळी परत आले नाहींत. सूचना निघाली तेव्हां ते किनाऱ्यापासून फार दूर होते, आणि मोबाईलची लहर किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच पोंचते. ज्यास सूचनेची अत्यंत गरज, त्यासच ती ऐकूं येत नाहीं, असा हा प्रकार. त्यानंतर इ. स. २०१९ सालीं ‘जेमिनी’ नांवाचें एक छोटें उपकरण निघालें. तें उपग्रहाचा संदेश भर समुद्रांत घेतें व जवळच्या मोबाईलवर दाखवितें. मात्र त्यांतून संदेश येतो, जात नाहीं. बुडणाऱ्यानें हांक मारावी अशी सोय त्यांत नव्हती. पुढें ता. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्या शेजारच्या पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें दुसऱ्या एका योजनेचा आरंभ झाला. तींत किनाऱ्यावरील राज्यांतील एक लक्ष होड्यांवर क्रमाक्रमानें असें यंत्र बसवावयाचें आहे, कीं ज्यानें दोन्ही बाजूंनीं संदेश जावा यावा. ज्यांच्या घरचा मनुष्य होडीवर जातो त्यांनीं आपल्या मच्छीमार सोसायटीस याविषयीं अवश्य विचारावें.

आतां बाजाराकडे वळूं. उत्तर केरळांत इ. स. १९९७ ते २००१ या काळांत मोबाईल प्रथम आला. त्यापूर्वीं तारली घेऊन आलेला कोळी आपल्या नेहमींच्या किनाऱ्यासच लागे. एके दिवशीं वडकरा येथें अकरा होड्यांस गिऱ्हाईक मिळालें नाहीं, आणि त्याच वेळीं पंधरा किलोमीटरांच्या आंत सत्तावीस व्यापारी रिकाम्या हातानें परत जाण्याच्या बेतांत होते! दररोजच्या मासळीपैकीं शेंकडा पांच ते आठ भाग फेंकून द्यावा लागे. मोबाईल आल्यावर होडी किनाऱ्यास लागण्यापूर्वींच तांडेल निरनिराळ्या बंदरांत भाव विचारूं लागला. रॉबर्ट जेन्सन नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें याची मोजदाद केली व ती इ. स. २००७ सालीं प्रसिद्ध केली. नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्याचा नफा शेंकडा सुमारें आठ वाढला, आणि घेणाऱ्यास मासळी शेंकडा चार स्वस्त पडली. सरकारनें यासाठीं वेगळी योजना केली नव्हती; लोकांनीं आपल्या गरजेनें तो उपयोग शोधिला.

हें वाचून कोणी म्हणेल, मग भाव कळला म्हणजे झालें. तसें नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत इ. स. २००७ पासून रॉयटर्स कंपनी शेतकऱ्यांस पैसे घेऊन मोबाईलवर बाजारभाव, हवामान व पिकांविषयीं सल्ला पाठवीत असे. फाफशां व मिंटेन या दोन अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील शंभर गांवांत तिची परीक्षा केली. कांहीं गांवांस संदेश दिले, कांहींस दिले नाहींत, आणि मग मिळालेल्या भावांची तुलना केली. इ. स. २०१२ सालीं निष्कर्ष छापला गेला, तो असा कीं, सरासरीनें पाहतां संदेश मिळालेल्या शेतकऱ्यास जास्त भाव मिळाल्याचें दिसत नाहीं. असें कां व्हावें? आम्हांस वाटतें तें असें. केरळच्या कोळ्याजवळ होडी होती. भाव कळतांच तो तिचें तोंड फिरवूं शकत होता. ज्या शेतकऱ्याजवळ वाहन नाहीं, ज्याचा माल उद्यां सडणार आहे, किंवा ज्यानें आडत्याकडून पेरणीला उचल घेतली आहे, त्यास दूरच्या बाजारचा चढा भाव कळून केवळ जिवाला चुटपुट लागते.

तिसरें उदाहरण वारणेचें. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यांत साखर कारखान्याच्या सभासदांकरितां इ. स. १९९८ सालीं सुमारें सत्तर गांवांची एक मोठी योजना निघाली. गांवोगांवीं संगणक बसविले. त्यांवर जमिनीचे उतारे, बाजारभाव, शिक्षण, सर्व कांहीं मिळेल असें बोललें गेलें. प्रत्यक्षांत संगणक बहुतेक एकाच कामास आला, तो ऊसाच्या हिशेबाच्या. माझा ऊस किती टन भरला, तोड कधीं, माझ्या नांवावर खत किती शिल्लक, एवढें शेतकरी विचारी. पुढें संशोधकांनीं पाहिलें कीं, एवढ्याकरितां संगणकाची आवश्यकता नाहीं. त्यांनीं सात गांवांत आठ महिने प्रयोग केला. शेतकऱ्यानें साध्या मोबाईलवरून लहानसा लेखी संदेश धाडावा, आणि कारखान्यांतील एका संगणकास जोडलेल्या फोनानें उत्तर द्यावें. संगणकानें होणारें सर्व काम झालें, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांस तें अधिक आवडलें. आपल्या ऊसाचें वजन कोणाचें तोंड न पाहतां, आपल्या घरीं, आपल्या हातांत कळणें ही लहान गोष्ट नव्हे. कांट्यावर ज्यांनीं ऊस घातला आहे त्यांस हें समजावून सांगावयास नको.

शेतकऱ्यास स्वतःच्या हातानें सरकारी नोंद करण्याचीही वेळ आली आहे. इ. स. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वीं तलाठी सातबारावर पीक लिही. आतां शेतकऱ्यानें बांधावर उभें राहून मोबाईलनें पिकाचें चित्र घ्यावें व नोंद करावी, अशी ही रीति आहे. ती चांगली, कारण न पाहतां लिहिलेलें पीक यांत चालत नाहीं. परंतु ज्याजवळ तसला भारी मोबाईल नाहीं, किंवा अक्षरओळख नाहीं, तो पुन्हां दुसऱ्याच्या दारीं जातो. पूर्वीं तलाठ्याच्या, आतां शेजारच्या पोराच्या. घरांत मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशांत असतो हेंही विसरतां कामा नये. उत्तनास मासळी वाळवितात व विकतात त्या बायका, आणि भावाचा संदेश मात्र नवऱ्याच्या मोबाईलवर येतो!

गांवांत ज्यास वाचतां येतें त्यानें, शिक्षक असो वा शाळेंतील मुलगी, आठवड्यांतून एक संध्याकाळ इतरांचे संदेश वाचून दाखवावयास द्यावी. दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावे. पहिला १८००-१८०-१५५१. हें किसान कॉल सेंटर इ. स. २००४ पासून आहे. सकाळीं सहा ते रात्रीं दहापर्यंत शेतीविषयीं मराठींत विचारतां येतें, पैसे पडत नाहींत, आणि अगदीं साधा फोनही चालतो. दुसरा १९३०. बँकेंतून बोलतों असें सांगून कोणी मोबाईलवर आलेले गुप्त आंकडे विचारले व पैसे नेले, तर या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावें. उशीर झाला म्हणजे पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत जातात व अडवून धरणें कठीण होतें. वृद्धांस हें दोनदां वाचून दाखवावें, आणि ते आंकडे बँकेचा खरा मनुष्यही कधीं विचारीत नाहीं, हें त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें.