माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र : बिबट्याचा दिवस आणि मदतीचे हात



बिबट्या कसा दिसतो हे आपल्या शिरूर-दौंडच्या मुलांना आता पुस्तकातलं चित्र दाखवून शिकवावं लागत नाही. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठाने ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला. शेळ्या घेऊन परतताना किंवा रात्रीची लाईट आली म्हणून वडिलांबरोबर मोटार चालू करायला जाताना मनात धाकधूक असतेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलांचा आणि एका आजींचा जीव गेला. त्यामुळे लोकांची भीती खोटी नाही आणि रागही खोटा नाही.

'वनखात्याने पिंजरा लावला, बिबट्या जेरबंद झाला' अशी बातमी आपण वाचतो. बातमी तिथेच संपते. पण पकडलेल्या बिबट्याचं पुढे काय होतं? तो जातो कुठे? त्याला खायला कोण घालतं? खर्च कोण करतं? या पाठात आपण याच प्रश्नांची उत्तरं शोधणार आहोत.

निवारा केंद्र म्हणजे काय?

शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. जुन्नर शहराजवळ कुकडी नदीवर माणिकडोह धरण आहे. त्याच परिसरात माणिकडोह बिबट निवारा केंद्र आहे. महाराष्ट्र वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून हे केंद्र चालवतात.

निवारा केंद्र म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे बरं का! प्राणिसंग्रहालयात लोक तिकीट काढून प्राणी बघायला जातात. निवारा केंद्र हे प्राण्यांसाठी असतं, आपल्या करमणुकीसाठी नसतं. विहिरीत पडलेला, गाडीची धडक बसलेला, फासकीत पाय अडकून जखमी झालेला असा बिबट्या इथे उपचाराला येतो. जो बरा होतो आणि स्वतःची शिकार स्वतः करू शकतो, त्याला वनखातं पुन्हा मोकळं सोडतं. पण ज्याचा पाय गेला, डोळा गेला, जो फार म्हातारा झाला किंवा ज्याच्यापासून माणसांना धोका आहे, तो बिबट्या उरलेलं आयुष्य इथेच काढतो.

दिवसभर तिथे काय चालतं?

अशा केंद्राचा दिवस सकाळच्या पाहणीने सुरू होतो. बिबट्या रात्री नीट झोपला का, लंगडतोय का, कालचं मांस उरलंय का, विष्ठा कशी आहे, हे सगळं कर्मचारी बघतात. बिबट्या बोलून दुखणं सांगत नाही, म्हणून ही पाहणी फार महत्त्वाची. काही वेगळं दिसलं की पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवायचं.

मग साफसफाई. बिबट्याला पिंजऱ्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात घ्यायचं, मधलं दार बंद करायचं, कुलूप लावून खात्री करायची आणि मगच रिकामा भाग धुवायचा. इथे घाई चालत नाही. एक कडी विसरली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

बिबट्याला रोज मांस लागतं, साधारणपणे कोंबडी किंवा म्हशीचं. जंगलात त्याला रोज शिकार मिळत नाही. म्हणून अनेक केंद्रांत आठवड्यातून एक दिवस त्याला उपास घडवतात, म्हणजे पोट ठीक राहतं. उन्हाळ्यात पाण्याचे फवारे सोडतात, बर्फाच्या लादीत मांसाचे तुकडे घालून देतात. ती लादी चाटत, फोडत त्याचा वेळही जातो.

वेळ जाणं हेसुद्धा महत्त्वाचं आहे. मोकळा बिबट्या रात्रभर मैलोन् मैल फिरतो. पिंजऱ्यात त्याने करायचं काय? मग एकाच जागी येरझाऱ्या घालतो, चिडचिडा होतो. म्हणून त्याला चढायला लाकडी मचाण, झोपायला टांगलेली झोळी, ओरबाडायला ओंडका आणि हुंगायला निरनिराळे वास दिले जातात.

एवढं सगळं कोणासाठी? तर एका बिबट्यासाठी, आणि तेसुद्धा रोज. जंगलात बिबट्या साधारण १२ ते १५ वर्षं जगतो. नीट काळजी घेतली तर पिंजऱ्यात २० वर्षांपर्यंतही जगू शकतो. म्हणजे आज पहिलीतल्या मुलाच्या वयाचा बिबट्या तिथे गेला, तर ते मूल कॉलेजला जाईपर्यंत त्याचं रोजचं मांस, औषध आणि साफसफाई चालूच राहणार.

चिंपांझींचंही असंच असतं

आफ्रिकेतल्या युगांडा देशात व्हिक्टोरिया सरोवरात न्गांबा नावाचं बेट आहे. १९९८ पासून तिथे अनाथ चिंपांझी सांभाळले जातात. शिकाऱ्यांनी आई मारलेली, तस्करांकडून सोडवलेली ही पिल्लं. दिवसा ते बेटावरच्या रानात फिरतात, ठरल्या वेळी खायला येतात आणि संध्याकाळी झोपायला घरात परततात.

यात एक फरक लक्षात घ्या. चिंपांझी कळपात राहणारा प्राणी आहे. नवीन पिल्लू आलं की त्याची कळपाशी ओळख करून द्यावी लागते. बिबट्या मात्र एकटा राहणारा. चिंपांझीला सोबत लागते, बिबट्याला आडोसा लागतो. प्राणी सांभाळायचा तर आधी त्याचा स्वभाव शिकावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही हेमलकसा इथे डॉ. प्रकाश आमटे यांनी प्राण्यांचं अनाथालय उभं केलं. त्याची सुरुवात शिकारीत आई गमावलेल्या माकडाच्या एका पिल्लापासून झाली.

सगळे बिबटे पकडून दूर का सोडत नाहीत?

हा प्रश्न गावात प्रत्येक जण विचारतो आणि तो योग्यच आहे. याचं उत्तर आपल्याच भागाने दिलेलं आहे. २००१ नंतर जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर व्हायचे. ही मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी १७ वर गेली. जिथे बिबटे सोडले, त्या जागांच्या आसपासही हल्ले वाढले.

असं का झालं असेल? बिबट्याला त्याचा इलाखा पाठ असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसांची वर्दळ केव्हा, हे त्याला माहीत असतं. अनोळखी जागी टाकलं की तो बावचळतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. गावाचा प्रश्न तसाच राहतो.

माणसावर हल्ला करणारा बिबट्या मात्र पकडावाच लागतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यावी लागते. पण दिसला बिबट्या की टाक पिंजऱ्यात, असं केलं तर निवारा केंद्रात जागा पुरणार कशी?

मदत करणारे कोण?

कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये वाइल्डलाइफ एसओएस संस्था सुरू केली. दरवेशी रस्त्यावर नाचवायचे त्या अस्वलांची सुटका करण्याच्या कामामुळे ती ओळखली जाऊ लागली. अशी संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते. कोणी महिन्याला थोडी रक्कम देतं, कोणी एका प्राण्याच्या खाण्याचा खर्च उचलतं.

मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. दत्तक म्हणजे बिबट्या घरी न्यायचा नाही हं! एखाद्या गरजू मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलतं ना, तसंच हे. मूल राहतं आपल्याच घरी, शिकतं आपल्याच शाळेत.

पैसे देणारे मदत करतात तसे हाताने राबणारेही करतात. पिंजरे धुणारे कामगार, औषध देणारे डॉक्टर, रात्री-अपरात्री विहिरीत शिडी सोडणारे वनरक्षक, आणि विहिरीभोवती जमलेली गर्दी मागे सारणारे गावातले तरुण. त्यांचं नाव पेपरात येत नाही, पण त्यांच्यावाचून काम होत नाही.

सर्वांत मोठी मदत उसाच्या फडात

ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मादी एका वेळी साधारण दोन-तीन पिल्लं देते. पिल्लं दिसली की गर्दी होते, फोटो निघतात, कोणी उचलून घेतं. त्यांना सोडून दिलंय असं आपल्याला वाटतं. पण आई जवळच दडलेली असते, दिवसा माणसांसमोर येत नाही इतकंच.

अशा वेळी तोड थांबवून वनखात्याला कळवलं, तर डॉक्टर पिल्लं तपासतात. संध्याकाळी ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. आजूबाजूला कॅमेरे लावतात आणि सगळे लांब जातात. अंधार पडल्यावर आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न करतात. जुन्नर भागात अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळाली आहेत.

समजा, पिल्लू आईकडे गेलंच नाही तर? पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर राहून शिकार शिकतं. माणसाने वाढवलेल्या पिल्लाला ते शिकवणार कोण? शिवाय त्याला माणसाची भीती उरत नाही. मग त्याला सोडताही येत नाही. म्हणजे जन्मभर पिंजरा. आणि पिल्लं नाहीशी झालेली मादी बिथरलेली राहिली, तर धोका कोणाला? तिथेच पालाच्या कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या लेकरांना.

म्हणून मुलांनो, हजारो रुपयांची देणगी देणारा माणूस निवारा केंद्राचा मदतगार आहेच. पण एका दिवसाची तोड थांबवणारा शेतकरी आणि कोयता बाजूला ठेवून वाट बघणारा तोडकरी हे त्याहून मोठे मदतगार आहेत. त्यांच्यामुळे पिल्लाला पिंजऱ्यात जावंच लागत नाही.

आपण काय काळजी घ्यायची?

१. अंधारात एकट्याने उसाच्या कडेने जायचं नाही. घोळक्याने, मोठ्याने बोलत, बॅटरी लावून जायचं.
२. शेतात वाकून किंवा बसून काम करताना सोबत मोठं माणूस असावं. बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा भासू शकतो.
३. शेळ्या, वासरं, कोंबड्या रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवायच्या.
४. घराजवळ उष्टं, मेलेली कोंबडी टाकायची नाही. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.
५. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, दगड मारायचा नाही, घेरायचं नाही. त्याला जायला वाट ठेवून हळूहळू मागे सरकायचं.
६. वनखात्याचा '१९२६' हा क्रमांक घरात सगळ्यांना पाठ हवा.

शब्दार्थ

जेरबंद – पकडून कोंडलेला
फासकी – प्राणी पकडण्यासाठी लावलेला तारेचा फास
फड – तोडणी चालू असलेलं उसाचं रान
कोपी – ऊसतोड कामगारांची तात्पुरती झोपडी
इलाखा – प्राण्याचा वावरण्याचा ठरलेला भाग

स्वाध्याय

१. प्राणिसंग्रहालय आणि निवारा केंद्र यांतील दोन फरक सांगा.
२. बर्फाच्या लादीत मांस घालून देण्याचे दोन फायदे कोणते?
३. चिंपांझी आणि बिबट्या यांना सांभाळण्यात काय फरक आहे?
४. बिबटे दुसरीकडे सोडल्यावर हल्ले का वाढले असावेत? तुमच्या शब्दांत लिहा.
५. 'आमच्या वावरात पिल्लं सापडली' असं समजून वनखात्याला फोनवर काय काय सांगाल ते पाच वाक्यांत लिहा. गाव, गट नंबर आणि जवळची खूण विसरू नका.

उपक्रम

तुमच्या वाडी-वस्तीचा नकाशा काढा. त्यात ऊस, विहीर, गोठा, उकिरडा, दिव्याचा खांब आणि शाळेची वाट दाखवा. अंधार कुठे पडतो आणि उकिरडा घराला कुठे लागून आहे, तिथे लाल खूण करा. नकाशा घरी दाखवा, नंतर आपण सगळे मिळून तो ग्रामपंचायतीत देऊ. दिवा कुठे हवा हे शाळेच्या वाटेने रोज चालणाऱ्या मुलांइतकं कोणाला माहीत असणार?