आठ पायांची रूम पार्टनर

सेकंड इयरला गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. गोठ्यामागचा दगडी बांध पावसात ढासळला होता. तो रचताना एका दगडाखालून इंगळी निघाली. गड्याने चप्पल उचलली आणि मी डबा. अशा रीतीने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसून ही बाई आमच्या होस्टेलवर आली. रेक्टर सरांना हे अजून माहीत नाही. आता कळेल!

पुढच्या तीन महिन्यांत मी बरंच शिकलो, पण सगळं चुकून शिकलो. तुम्ही तरी त्या चुका करू नयेत म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट पक्की करा. इंगळी काळी, तिचे पुढचे चिमटे जाडजूड आणि शेपूट त्यामानाने बारीक. लाल विंचवाचं उलट असतं. त्याचे चिमटे नाजूक, पण विष थेट हृदयावर परिणाम करतं आणि लहान मुलं दगावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा लाल विंचू पाळायचा विचारसुद्धा नको. इंगळीही चावतेच, म्हणून हात न लावता लांब चिमटा वापरायचा. आणि कोणताही विंचू चावला तर मंत्रतंत्र न करता सरळ दवाखाना गाठायचा.

पहिली चूक : पाणी

परदेशात हौसेने पाळतात तो एम्परर विंचू इंगळीच्याच कुळातला. पण तो पश्चिम आफ्रिकेच्या दमट जंगलातला. त्याची माहिती वाचून मी डब्यातली माती रोज ओली करायचो आणि झाकणाला भोकं मोजून चार! पंधरा दिवसांत डब्याला कुबट वास यायला लागला, इंगळीच्या अंगावर काळे डाग पडले आणि सांध्यांमध्ये पांढरे ठिपके हलताना दिसले. डाग बुरशीचे होते, ठिपके म्हणजे माइट्स.

हे गंभीर का, ते सांगतो. विंचवाला आपल्यासारखी फुप्फुसं नसतात. पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसांची चार जोड्या असतात आणि त्यांची छिद्रं बाहेर उघडतात. माइट्स तिथे शिरले की श्वासच अडतो. बरं, औषध मारावं तर माइट्स आणि विंचू एकाच अष्टपाद वर्गातले. जे औषध माइट्सला मारेल ते विंचवालाही मारेल! याच कारणाने रूममध्ये डासांचा फवारा मारायचा नाही आणि मेसमधली झुरळं खायला घालायची नाहीत, कारण तिथे पेस्ट कंट्रोल झालेलं असतं.

उपाय साधा निघाला. कोरडा स्वच्छ डबा घेतला, खाली टिश्यू पेपर अंथरला, बाजूंनी भरपूर भोकं पाडली आणि पाण्यासाठी बाटलीचं उथळ झाकण ठेवलं. दिसतील तेवढे माइट्स ओल्या ब्रशने टिपून काढले. आठवड्याभरात पांढरे ठिपके गेले, डागही वाढायचे थांबले. नंतर चार इंच माती आणि काथ्याचा भुसा घातला. तळाला किंचित ओल, वर कोरडं. बसायला एक खापराचा तुकडा. पाणी कमी पडलं तर तेही दिसतं : विंचू मलूल होतो आणि पोटाच्या बाजूची मऊ कातडी आत ओढली जाते.

दुसरी चूक : माया

डिसेंबरमध्ये तिने खाणं बंद केलं. अंग फुगल्यासारखं, रंग निस्तेज. मला वाटलं आजारी पडली. सबमिशनच्या धावपळीतही रोज काडीने हलवून बघायचो. शेवटी एका रात्री चांगला जाडा रातकिडा सोडला आणि झोपलो.

सकाळी पाहिलं तर ती अर्धी कातेबाहेर आलेली होती. पुढचे पाय आणि चिमटे नवे, पांढुरके, मऊ. रातकिड्याने तिला तिथेच कुरतडलं होतं. दुपारपर्यंत ती संपली.

ती आजारी नव्हतीच, कात टाकायच्या तयारीत होती. पूर्ण वाढ होईपर्यंत विंचू काही वेळा कात टाकतो. त्याआधी तो जेवत नाही, कात टाकायला काही तास लागतात आणि नवं कवच टणक व्हायला पुढे काही दिवस. त्या काळात त्याला हलवायचं नाही आणि डब्यात जिवंत भक्ष्य ठेवायचं नाही. एरवीही आठवड्याला एखादा किडा पुरतो. सकाळपर्यंत खाल्ला नाही तर तो काढून टाकायचा. विंचू खाण्याशिवाय कित्येक आठवडे सहज काढतो. घाई आपल्याला असते, त्याला नाही.

आपण इंजिनियर लोक काही बिघडलं की लगेच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. विंचवाच्या बाबतीत बिघाड बहुतेक वेळा डब्यात असतो : ओल, हवा, उरलेलं खाणं. ते दुरुस्त करायचं आणि त्याच्यापासून हात लांब ठेवायचे. मला हे उशिरा कळलं.

यंदा मे महिन्यात त्याच बांधाखाली आणखी एक इंगळी निघाली. गड्याने माझ्याकडे बघितलं. मी चिमट्याने उचलून तिला ओढ्यापलीकडच्या दगडांत सोडून आलो. डबा नेला होता, पण तो फक्त तिथपर्यंत.