पिल्लू सापडल्यावर

गतवर्षी मृगाच्या पहिल्या वादळी पावसानंतर आठवीतील दोन विद्यार्थी शिपाई बुलबुलाचे एक पिल्लू ओंजळीत घेऊन माझ्याकडे आले. भूतदयेने त्यांनी त्याला चमच्याने दूधपाणी पाजले होते. मीही त्यांची पाठ थोपटली. सायंकाळपर्यंत पिल्लू गतप्राण झाले. दयेला ज्ञानाची जोड नसेल तर काय होते, हे त्या दिवशी मला उमगले. त्यानंतर जे शिकलो, ते विद्यार्थिमित्रांनो, येथे देत आहे.

पहिला प्रश्न असा, की पिल्लू खरोखर निराधार आहे काय? बुलबुलाची पिल्ले सुमारे बारा दिवसांची होताच घरटे सोडतात. त्या वेळी त्यांना नीट उडता येत नसते. अंगावर पिसे असलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू अनाथ नसून उडावयास शिकत असते आणि आईबाप बहुधा जवळच असतात. त्यास मांजराच्या वाटेतून उचलून झुडपात ठेवावे व आपण दूर व्हावे. पिसे न फुटलेले पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवावे. घरटे मोडले असल्यास बुडास छिद्रे पाडलेली करवंटी अथवा लहान टोपली त्याच झाडावर बांधावी. माणसाचा हात लागताच पक्षी पिल्लाचा त्याग करतात, हा समज खरा नव्हे.

आईबाप आलेच नाहीत, तर प्रथम ऊब द्यावी. गारठलेल्या पिल्लास अन्न पचत नाही. मोठा बुलबुल फळे खात असला, तरी पिल्लांना तो मुख्यतः कीटक भरवतो, कारण वाढत्या देहास प्रथिने हवी असतात. भातावर पिल्लू जगत नाही. पक्षी सस्तन नसल्याने दूध त्यांना पचत नाही. पाणी तर चोचीत मुळीच ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने ते थेट आत शिरते. आमच्या पिल्लाचा घात बहुधा असाच झाला.

शिवाय त्यास उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने भरवावे लागते. हे घरी साधणे कठीण; म्हणून पशुवैद्याकडे अथवा वनखात्याकडे न्यावे हेच श्रेयस्कर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य पक्षी घरी पाळता येत नाहीत. त्यामागे कारणही आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली दाखवून दिले, की अंड्यातून बाहेर पडताच माणसाला पाहणारी हंसाची पिल्ले त्यालाच आई मानतात. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बुलबुल हंसाप्रमाणे वागत नसला, तरी माणसाळलेला पक्षी रानात निभाव धरू शकत नाही, हे त्यालाही लागू आहे.

यंदा त्याच दोन मुलांना पुन्हा एक पिल्लू सापडले. त्यांनी करवंटी जास्वंदीवर बांधली आणि व्हरांड्यातून निमूटपणे पाहत राहिले. अर्ध्या तासाने चोचीत अळी घेऊन आई आली. मुलांनी काहीच पाजले नव्हते. आणि या वेळी मी त्यांची पाठ थोपटली, ती योग्य कारणासाठी.