गॅसची नळी आणि विजेचे बटण

जुन्नर तालुक्यातील आळे गावचे एक शेतकरी घर डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर आहे; गोठ्यामागच्या संयंत्रातून गोबरगॅसची नळीही आली आहे. भिंतीवर विजेची बटणे आहेत. नळी आणि बटण यांत किती अंतर हवे?

विजेचे बटण दाबताना, विशेषतः बंद करताना, आत बारीक ठिणगी उडते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला गॅस पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. अडीच ग्रॅमचे वजन एक सेंटिमीटर खाली पडताना एवढीच ऊर्जा मिळते!

आता गॅस जातो कुठे ते पाहू. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९ आहे. सिलिंडरमधील प्रोपेनचा ४४ व ब्युटेनचा ५८. म्हणजे हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो जमिनीलगत पसरतो. हवेत तो सुमारे दोन टक्के झाला की पेटू शकतो. खोली तीन मीटर लांब-रुंद असेल, तर जमिनीलगतच्या ३० सेंटिमीटर थरात एवढे प्रमाण व्हायला सव्वाशे ग्रॅम गॅसही पुरेल. सिलिंडरमध्ये तर १४.२ किलोग्रॅम असतो! म्हणून बटणे सिलिंडरच्या पातळीच्या बरीच वर हवीत.

गोबरगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन (१६) आणि ४० टक्के कार्बन डायऑक्साइड (४४) धरले, तर सरासरी २७.२ येते. तो हवेहून किंचितच हलका. तो सगळीकडे मिसळतो. बटण वर असो वा खाली, धोका आहेच.

ब्रिटनमधील प्रमाणानुसार घरातील गॅसची नळी बटणापासून १५० मिलिमीटर व विजेच्या तारेपासून २५ मिलिमीटर दूर ठेवतात. एवढ्याशा अंतराने गळणारा गॅस थोडाच थांबणार? मग त्याचा उपयोग काय? तारेचे आवरण फाटून ठिणगी उडाली, तर तिने नळीला भोक पडू नये, हा. अंतर नळीचे रक्षण करते. गळलेल्या गॅसवर उपाय एकच, मोकळी हवा.

म्हणून गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. विजेचे कोणतेही बटण लावू नका, चालू असलेले बंदही करू नका. सिलिंडरचा गॅस असेल, तर बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवा.

आज घरी पट्टी घेऊन एवढे करा: सिलिंडरपासून सर्वांत जवळचे बटण किती दूर व किती उंच आहे, ते मोजा आणि वडीलधाऱ्यांना दाखवा.